टीव्हीवर कॉम्प्युटरचे खेळ : कमी पैशांत ग्राफिक्स कार्ड कसे पारखून घ्यावे?

गुलमंडी, शहागंज, सिटी चौक, पैठण गेट या बाजारांत ज्याची हयात गेली त्याला माल पारखायला शिकवावे लागत नाही. कापड बोटांत घेतले की सुताचा नंबर कळतो, पन्हा नजरेने मोजला जातो, रंग पक्का की कच्चा आणि खळ किती भरली आहे हेही कळते. पण हाच माणूस मुलाबरोबर ग्राफिक्स कार्ड घ्यायला जातो तेव्हा "भाई, चांगले असेल ते द्या" म्हणतो आणि खिशात हात घालतो. दहा-वीस हजारांचा माल न पारखता घेणे ही व्यापाऱ्याला न शोभणारी गोष्ट आहे.

आज घरोघरी मोठा टीव्ही आहे. कॉम्प्युटरही बऱ्याच घरी आहे, मुलाच्या अभ्यासासाठी किंवा दुकानाच्या बिलांसाठी घेतलेला. मुले म्हणतात, वेगळा मॉनिटर नको, टीव्हीलाच जोडू, फक्त कार्ड घेऊन द्या. मागणी वाजवी आहे. प्रश्न एवढाच की कोणते घ्यावे आणि किती पैसे घालावेत. आम्ही इंजिनिअर नाही, कापडाचे व्यापारी आहोत. तरी कोणताही माल चार प्रश्न विचारून समजून घेता येतो, या विश्वासाने हा धडा व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

कार्ड करते तरी काय?

आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरच्या, हिमरू विणकरांना हे चटकन समजेल. नक्षी विणण्याआधी ती चौकटीच्या कागदावर उतरवतात. प्रत्येक चौकटीत ठरते की या जागी कोणता धागा वर येणार. दुरून पाहणाऱ्याला चौकटी दिसत नाहीत, फूल दिसते. टीव्हीचा पडदाही असाच चौकटींचा कागद आहे. त्या चौकटीला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये कोणता रंग भरायचा याचा हिशेब करणे हे ग्राफिक्स कार्डाचे काम.

फरक एवढाच की विणकर एक नक्षी महिनाभर विणतो. कार्डाला मात्र खेळ चालू असताना दर सेकंदाला साठ वेळा संपूर्ण नक्षी नव्याने भरावी लागते. अशा एका पूर्ण चित्राला फ्रेम म्हणतात.

आता चौकटी मोजू. फुल एचडी टीव्हीवर आडव्या १९२० आणि उभ्या १०८० चौकटी असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० चौकटी. फोर-के टीव्हीवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००, बरोबर चौपट. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर फुल एचडीत सुमारे १२ कोटी ४४ लाख चौकटी भराव्या लागतात आणि फोर-केमध्ये सुमारे ४९ कोटी ७६ लाख. काम चौपट झाले की कार्डही भारी लागते आणि किंमत चढते. सारा खर्च या एका आकड्यावर अवलंबून आहे, म्हणून दुकानात जाण्याआधी घरचा टीव्ही नीट पाहावा.

आधी टीव्ही मोजा, मग कार्ड घ्या

टीव्हीच्या बाबतीत चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात.

पहिली, चौकटी किती. एचडी रेडी, फुल एचडी की फोर-के, हे टीव्हीच्या मागच्या चिठ्ठीवरील मॉडेल नंबरावरून कळते.

दुसरी, सेकंदाला किती चित्रे दाखवतो. याला हर्ट्‌झ म्हणतात. आपल्याकडील बहुतेक टीव्ही ६० हर्ट्‌झचे असतात. खोक्यावर 'मोशन रेट १२०' किंवा '२४०' असे छापलेले असले तरी पडद्याचा खरा वेग तेवढा असतोच असे नाही. 'रिफ्रेश रेट' या शब्दापुढचा आकडा पाहावा. टीव्ही ६० चा असेल तर शंभर फ्रेम काढणाऱ्या कार्डाच्या वरच्या चाळीस फ्रेम पडद्यावर येतच नाहीत.

तिसरी, एचडीएमआयचे भोक कोणत्या पिढीचे आहे. १.४ पिढीचे असेल तर फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा येते, आणि खेळाला ते अपुरे पडते. २.० पिढी २०१३ साली आली, तीत फोर-के साठ वेळा येते. २.१ पिढी २०१७ ची, तीत फोर-के १२० वेळा येऊ शकते. टीव्हीला सहसा डिस्प्लेपोर्ट नसते, म्हणून कार्डावर किमान एक एचडीएमआय हवेच. कार्ड २.१ चे आणि टीव्ही २.० चा असेल तर चालते, पण वेग दोघांतील कमी पिढीचाच मिळतो.

चौथी आणि सर्वांत जास्त पैसे वाचवणारी गोष्ट म्हणजे बसण्याचे अंतर. निरोगी डोळ्याला एका मर्यादेपलीकडे चौकटी वेगळ्या दिसत नाहीत. हिशेब केला तर ३२ इंची टीव्हीवर फुल एचडीच्या चौकटी सुमारे सव्वाचार फुटांपलीकडे, ४३ इंचीवर सुमारे साडेपाच फुटांपलीकडे आणि ५५ इंचीवर सुमारे सात फुटांपलीकडे एकमेकींत मिसळून जातात. आपल्या घरांत दहा बाय बाराच्या खोलीत मुले टीव्हीपासून सात-आठ फुटांवर बसतात. तेवढ्या अंतरावरून ४३ इंची पडद्यावर फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक फार थोडा उरतो. तेव्हा टीव्ही फोर-के असला तरी खेळ फुल एचडीत चालवावा आणि कार्डही त्याच मापाचे घ्यावे.

हिमरूचा हिशेब

किनखाब हा सोन्या-चांदीच्या तारेचा माल, तो बादशहा आणि उमरावांनाच परवडे. त्याच्यासारखा दिसणारा पण सूत आणि रेशीम यांच्या मेळातून विणलेला माल म्हणजे हिमरू. त्याचे नावच 'सारखा' या अर्थाच्या फारसी शब्दावरून आले, असे सांगतात. विकणारा त्याला किनखाब म्हणून विकत नसे. घेणाराही जाणून घेत असे. दोघांचे समाधान होत असे.

कार्डाच्या धंद्यातही असा एक हिमरू आहे. कार्ड कमी चौकटींचे चित्र काढते आणि हिशेबाने मधल्या चौकटी भरून ते मोठे करते. एनव्हिडियाच्या या तंत्राला डीएलएसएस म्हणतात, ते फक्त आरटीएक्स नावाच्या कार्डांवर चालते. एएमडीच्या तंत्राला एफएसआर म्हणतात. त्याच्या पहिल्या तीन पिढ्या इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात. चौथी पिढी एएमडीने २०२५ मध्ये आपल्या आरएक्स ९००० मालिकेसाठी आणली. इंटेलच्या तंत्राचे नाव एक्सईएसएस. फोर-के टीव्हीवर मध्यम कार्डाने काम भागवायचे असेल तर खेळाच्या सेटिंगमध्ये हे तंत्र 'क्वालिटी' या पायरीवर लावावे. दुरून पाहताना चित्र भरलेले दिसते. जवळ जाऊन पाहिले तर बारीक जाळी आणि केस थोडे थरथरताना दिसतील. ते मान्य करूनच घ्यावे.

कार्ड लागतेच का?

कोणताही व्यापारी नवा माल मागवण्याआधी गोदामात काय पडले आहे ते पाहतो. काही प्रोसेसरांच्या आतच बऱ्यापैकी ग्राफिक्स असते. एएमडीचा रायझन ५६००जी (२०२१) आणि ८६००जी (२०२४) ही त्याची उदाहरणे. माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट, फुटबॉल-क्रिकेटचे हलके खेळ त्यावर सेटिंग उतरवून चालतात. एक अट आहे : रॅमच्या दोन पट्ट्या लावाव्यात. एकच पट्टी असेल तर आतील ग्राफिक्स निम्म्या वाटेने धान्य भरल्यासारखे उपाशी राहते. मुलाचे खेळ याच जातीचे असतील तर रॅमची दुसरी पट्टी कार्डाचे काम करून जाईल. आधी मुलाकडून त्याच्या पाच खेळांची नावे लिहून घ्यावीत आणि प्रत्येक खेळाच्या कंपनीने किमान कोणते कार्ड सांगितले आहे ते पाहावे.

नाव एक, माल दुसरा

आता खरी पारख येथे आहे. बाजारात एकाच नावाने दोन प्रकारचा माल फिरतो.

जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली आले तेव्हा त्यात जीडीडीआर ५ जातीची मेमरी होती आणि ती सेकंदाला ४८ गिगाबाइट माल वाहत असे. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर ४ मेमरीचे कार्ड आले, ते फक्त १६.८ गिगाबाइट वाहते. खोके तसेच, नाव तेच, मेमरीची ताकद जवळपास तिसरा हिस्सा. ८० नंबरच्या सुताचे लेबल लावून ४० चे थान देण्यासारखाच हा प्रकार.

आरटीएक्स ३०५० चे पाहा. २०२२ चे ८ जीबी कार्ड १३० वॉट घेते. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेले ६ जीबीचे कार्ड ७० वॉट घेते. मेमरीच कमी असे नाही, आतले हिशेब करणारे भागही २५६० ऐवजी २३०४ आहेत आणि मेमरीची वाटही अरुंद आहे. ते वाईट कार्ड नाही, काही ठिकाणी तेच योग्य. पण ८ जीबीच्या भावात ६ जीबीचे घेऊ नये.

आरएक्स ५८० जुन्या बाजारात खूप दिसते. खऱ्या कार्डात २३०४ हिशेबी भाग असतात. नावापुढे '२०४८एसपी' असेल तर ते मुळात आरएक्स ५७० च्या ताकदीचे समजावे.

आणि खळ भरलेले कापड म्हणजे जीटी ७१० व जीटी ७३०. '४ जीबी' असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते. हातात जड लागते, धुतल्यावर चाळणी. ही कार्डे चित्र दाखवण्यापुरती आहेत, आजच्या खेळांसाठी नाहीत. त्यांचे एचडीएमआयही १.४ पिढीचे आहे. जीबीचा आकडा म्हणजे कार्डाचे गोदाम, कारखाना नव्हे. गोदाम मोठे आणि माग एकच असेल तर माल निघणार नाही.

कॉम्प्युटरला पेलवेल का?

कार्ड घरी आणले आणि बसलेच नाही, असे होऊ नये. त्यासाठी पाच गोष्टी तपासाव्यात.

वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, किती वॉटची आहे आणि तिच्यातून कार्डासाठी सहा किंवा आठ टोकांची वेगळी वायर निघते का? कॉम्प्युटरच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला ही वायर हवीच. बिननावाच्या स्वस्त पेटीवर '४५० वॉट' लिहिलेले असले तरी विश्वास ठेवू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि व्होल्टेज वर-खाली होते. अशा वेळी वाईट पेटी स्वतः जळते आणि कार्डही घेऊन जाते. प्रामाणिक पेटीसाठी दीड-दोन हजार जास्त गेले तर तो खर्च वाया गेला असे मानू नये.

डब्यात जागा किती? कंपन्यांतून निघालेले सेकंडहँड ऑफिस कॉम्प्युटर आपल्या बाजारात भरपूर आहेत. त्यांतील चपट्या डब्यांत फक्त अर्ध्या उंचीचे, लो-प्रोफाइल कार्ड बसते.

खाच कोणत्या पिढीची? आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही कार्डे चारच लेनवर चालतात. नव्या बोर्डात ते खपून जाते, पण पीसीआय तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डात त्यांचा वेग घटतो.

इंटेलचे आर्क कार्ड घेत असाल तर बोर्डात 'रिसायझेबल बार' ही सोय आहे का ते विचारावे. नसेल तर आर्क घेऊ नये.

शेवटची गोष्ट, प्रोसेसर. दहा वर्षांच्या जुन्या प्रोसेसरला भारी कार्ड लावणे म्हणजे हातमागाला गिरणीचा बाणा पुरवणे. कार्ड वाट पाहत बसते.

कोणाला कोणते?

भाव रोज बदलतात. २०२५ च्या अखेरपासून मेमरी चिपचे भाव चढले आणि त्याचा परिणाम कार्डांवरही झाला. म्हणून आम्ही रुपये न लिहिता पायऱ्या सांगतो.

चपटा ऑफिस कॉम्प्युटर, वेगळी वायर नाही : आरटीएक्स ३०५० ६ जीबी, लो-प्रोफाइल. सत्तर वॉटमध्ये भागते, एचडीएमआय २.१ आहे. जुन्यात मिळाले तर वेगळी वायर न लागणारे जीटीएक्स १६५० (२०१९, ७५ वॉट), पण त्याची मेमरी ४ जीबीच, तेव्हा नव्या भारी खेळांना कमी पडेल.

साधा मोठा डबा, चांगली पेटी, फुल एचडीत खेळ : आरएक्स ६६०० (२०२१, ८ जीबी, १३२ वॉट) हे बरेच दिवस या वर्गातील सरळ सौदा राहिले आहे. त्याच रांगेत आरटीएक्स ४०६० (२०२३, ११५ वॉट) आणि आरटीएक्स ५०५० (२०२५, १३० वॉट). तिघांपैकी त्या दिवशी ज्याचा भाव उतरला असेल ते घ्यावे.

फोर-के टीव्ही, जवळून बसणे, चार-पाच वर्षे टिकवायचे : इंटेल आर्क बी५८० (डिसेंबर २०२४, १२ जीबी) किंवा आरएक्स ९०६० एक्सटी (जून २०२५). या दुसऱ्या कार्डाचेही एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी असे दोन प्रकार आहेत, हे ध्यानात ठेवावे.

नवे कार्ड घेताना ८ जीबी ही आजची खालची मर्यादा समजावी. तिच्याखाली फक्त चपट्या डब्याच्या नाइलाजाने जावे.

भाव काढण्याची रीत

कापड आपण मीटरने घेतो, कार्ड फ्रेमने घ्यावे. समजा, एक कार्ड १६ हजारांचे आहे आणि मुलाच्या खेळात ५० फ्रेम देते. एका फ्रेमला ३२० रुपये पडले. दुसरे २२ हजारांचे, ते ८० फ्रेम देते. एका फ्रेमला २७५ रुपये. वरवर पाहता दुसरे स्वस्त. पण टीव्ही ६० हर्ट्‌झचा आहे, म्हणजे उपयोगाच्या फ्रेम साठच. २२ हजार भागिले ६० केले तर ३६६ रुपये येतात. आजच्या घडीला पहिलेच स्वस्त ठरते. दुसऱ्यातली वरची ताकद पुढे खेळ जड झाल्यावर कामी येईल, तेव्हा ते कार्ड किती वर्षे ठेवायचे यावर निर्णय करावा. आणि फ्रेमची सरासरी न पाहता खालचा आकडा पाहावा. सरासरी साठ आणि मधूनच वीस, असे असेल तर खेळ अडखळतो.

विजेचाही हिशेब मांडावा. जुने आरएक्स ५८० हे १८५ वॉट घेते, आरएक्स ६६०० हे १३२ वॉट. रोज तीन तास धरले तर महिन्याला पावणेपाच युनिटांचा फरक पडतो, आणि जुने कार्ड ताकदीनेही कमीच आहे.

भाव तीन ठिकाणी विचारावा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर, दिल्लीचे नेहरू प्लेस हे या मालाचे मोठे बाजार. तेथील भाव फोनवर घेऊन मग गावातल्या दुकानदाराशी बोलावे. पाच-सातशेच्या फरकासाठी गावचा दुकानदार सोडू नये. वॉरंटीसाठी तोच धावून येतो.

जुना माल घेताना

इथेरियम या आभासी चलनासाठी जगभर लाखो कार्डे रात्रंदिवस राबवली जात होती. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाने आपली पद्धत बदलली आणि ती कार्डे बाजारात आली. राबलेले कार्ड वाईटच असते असे नाही, पण त्याचे पंखे झिजलेले आणि आतली पेस्ट वाळलेली असते. त्यातही पी१०६ सारखी काही कार्डे मुळात खाणकामासाठीच बनली, त्यांना टीव्ही जोडायला भोकच नाही. ती घेऊ नयेत.

दुसरे म्हणजे एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० व १००० मालिकेसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० व जीटी १०३० ही त्यातलीच. स्वस्त मिळाली तरी त्यांचे उरलेले आयुष्य कमी आहे.

तपासणी अशी करावी. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम लावावा. जुन्या चिपवर नवे नाव चढवलेले बनावट कार्ड असेल तर तो बऱ्याचदा तसे दाखवतो. मग अर्धा तास भारी खेळ चालवून पाहावा. रंगीत ठिपके, पट्ट्या, पंख्याची घरघर, मध्येच बंद पडणे, यांपैकी काही दिसले तर हात जोडून परत द्यावे. कार्डावरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर एकच हवा.

आपल्या फिकहमध्ये या कामासाठी तयार कायदा आहे. खियार-ए-शर्त म्हणजे सौदा करतानाच परतीची मुदत ठरवणे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत. आणि खियार-ए-ऐब म्हणजे लपलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा हक्क. जुने कार्ड घेताना दोन ओळी लिहून तीन दिवसांची शर्त ठरवावी. विकणाऱ्यानेही ऐब आधी सांगावा. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहिला आणि ओला भाग वर का ठेवला नाही, असे त्या व्यापाऱ्याला विचारले, हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. खाणीत राबलेले कार्ड 'घरगुती वापराचे' म्हणून विकणे हा तोच ओलावा झाकणे होय.

हप्ते, बिल आणि जीएसटी

दुकानात गेले की 'नो कॉस्ट ईएमआय' पुढे केला जातो. व्याज नाही म्हणतात. रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते. व्याज असतेच, ते सवलतीच्या रूपाने वळते केलेले असते. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांत व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, वर प्रोसेसिंग फीही असते. ज्याला सूदपासून दूर राहायचे आहे त्याने कागद वाचावा. त्यात कर्ज आणि व्याजाचा दर छापलेला सापडेल. यापेक्षा चार महिने थांबून रोखीने घ्यावे, किंवा बोली नसलेली साधी भिशी लावावी. दुकानदार ओळखीचा असेल तर त्याच्याशी थेट एकच किंमत आणि ठरलेली मुदत करता येते, उशीर झाला तर वाढ नाही या अटीवर. शंका असेल तर आपल्या मोहल्ल्यातील जाणत्या आलिमांना विचारावे.

बिल पक्केच घ्यावे. कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. २० हजारांच्या मालाचे २३ हजार ६०० होतात. ३६०० वाचवण्यासाठी बिनबिलाचे घेतले तर बहुतेक कंपन्या देतात ती तीन वर्षांची वॉरंटी हातची जाते. आणि घरच्या खेळासाठी घेतलेल्या कार्डाचे इनपुट क्रेडिट दुकानाच्या खात्यात घेऊ नये, ते कायद्यालाही धरून नाही आणि दयानतीलाही. कार्ड खरोखर दुकानात वापरत असाल, भरतकामाची किंवा हिमरूची नक्षी कॉम्प्युटरवर काढणे, ग्राहकाला मोठ्या टीव्हीवर डिझाइन दाखवणे, तर तेवढ्या हिश्शाचे क्रेडिट नियमाने घेता येते. कंपोझिशनवाल्यांना ते मिळत नाही. घरी मुलाचा खेळ आणि दुकानी नक्षी अशी दुहेरी कामे एकाच कार्डाने होत असतील तर सौदा आणखी स्वस्त पडतो.

घरी आणल्यावर

टीव्हीची वायर कॉम्प्युटरच्या मूळ भोकात न लावता कार्डाच्या भोकात लावावी. ती चुकीच्या जागी लावून 'कार्ड खराब आहे' म्हणत परत येणारे ग्राहक दुकानदारांना रोज भेटतात. फोर-के साठ हर्ट्‌झसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' लेबलची वायर पुरे. तीन-चार मीटरच्या वर लांब वायर नेऊ नये. आवाजही त्याच वायरीतून जातो.

टीव्हीवर 'गेम मोड' लावावा. तो नसेल तर काही टीव्ही बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग घेतात आणि मुलगा कार्डाला दोष देतो. चित्राच्या कडा कापलेल्या दिसल्या तर 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' निवडावे. काळा रंग राखाडी दिसला तर कार्ड आणि टीव्ही दोघांची रंगमर्यादा, 'फुल' की 'लिमिटेड', सारखी करावी. फ्रेमची मर्यादा साठवर बांधावी, म्हणजे वीज, उष्णता आणि पंख्याचा आवाज तिन्ही कमी होतात. आपल्या शहरात धूळ फार, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी डबा उघडून ब्रशने साफ करावा.

ही साफसफाई, पेस्ट बदलणे, पंखे बसवणे हाही एक हुनर आहे. थोड्या भांडवलात रोजी देणारा. मोहल्ल्यातील हात चालणाऱ्या मुलांनी तो शिकावा.

राहिला खेळाचा प्रश्न. खेळाची वेळ नमाज, अभ्यास आणि झोप यांच्या नंतरची. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ घरात येऊ देऊ नयेत. दीनमध्ये जुगार हराम आहेच, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या कायद्यानेही असे खेळ बंद केले आहेत.

दुकानात जाताना ही चिठ्ठी खिशात असू द्यावी : टीव्हीचा मॉडेल नंबर, चौकटी व हर्ट्‌झ, बसण्याचे अंतर, मुलाच्या पाच खेळांची नावे, एसएमपीएसचे वॉट व वायरीची टोके, डब्याची लांबी-उंची, बोर्ड आणि प्रोसेसरचे नाव, कार्डाचे पूर्ण नाव, जीबी व मेमरीची जात, तीन ठिकाणचे भाव, वॉरंटी किती आणि दुरुस्ती कोठे, आणि खिशातील रोख रक्कम. यातल्या प्रत्येक ओळीपुढे उत्तर लिहिले गेले की सौदा करावा, त्याआधी नाही. अल्लाह आपल्या व्यवहारात बरकत देवो.